बिनसायीचं आइस्क्रीम

भिकुबाई : अंडं टाकं का त्यामा? खरं सांगा.

दोधू : नाही टाकलं. तू समोरच बाजेवर पडली आहेस ना? बघ की डोळ्यांनी. दूध, साखर, कोको आणि चिमूटभर मीठ. एवढंच आहे पातेल्यात.

भिकुबाई : मीठ? गोडमा मीठ?

दोधू : चिमूटभर. त्यानं कोकोची चव उठते.

भिकुबाई : आन साय?

दोधू : काढली. कालपासून तीनदा तापवलं, तीनदा निववलं, तीनदा साय काढली. शेजारच्या शोभाबाईचं मांजर बघ, साय खाऊन भिंतीवर कसं आडवं झालंय. डॉक्टर काय म्हणाला? कावीळ उतरायला लागलीय, पण महिनाभर तूप नको, तेल नको, साय नको.

भिकुबाई : माले माहीत शे डाक्टर काय बोलना ते. मन्ही जीभ कडू व्हयनी, कान बह्यरा नही व्हयनात.

दोधू : मग हेही ऐकलं असशील की गार काहीतरी द्या म्हणाला. गारव्यानं मळमळ बसते. बारा दिवस झाले, पेजेचं पाणी टिकत नाही तुझ्या पोटात. उसाचा रस उलटला, ताक उलटलं.

भिकुबाई : ‘उलटला, उलटलं’. एकतीस वरिस तोरणमाळले साहेबना बंगलावर खानसामा ऱ्हायनात, आते तुमनी बोलीबी कचेरीनी व्हई गयी.

दोधू : तिथले कारकून सगळे पुण्याकडचे. त्यांच्यात राहून जीभ वळली ती वळली.

भिकुबाई : वळू द्या. पन मी खावाव नही, हाई आगोदरच सांगी ठेवस. तुमना हातनं पानी बी पिधं नही मी कधी.

दोधू : माहीत आहे. म्हणून तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. मागल्या दारी तीन दगड मांडले आणि त्यावर दूध ठेवलं. पातेलं नवं आहे, पळी नवी आहे. बंगल्याची एकच वस्तू आहे इथं, हा आइस्क्रीमचा संचा.

भिकुबाई : त्यामा फिरनंच व्हई अंडं.

दोधू : फिरलं. खोटं कशाला बोलू? मेमच्या आइस्क्रीममध्ये आठ अंड्यांचा बलक असायचा, शेरभर साय असायची. पण आतला डबा मी परवाच कल्हई करून आणलाय. राखेनं घासला, चिंचेनं घासला, उकळत्या पाण्यानं धुतला. आता त्याला साहेब आठवत नसेल.

भिकुबाई : साहेब इलायतले गया तवय मेम तुम्हले बोलनी, दोधू, काय जोयजे तुले? चांदीना चमचा ले, घड्याळ ले. आन तुम्ही काय लई उनात? लाकूडनी बादली!

दोधू : बादली नव्हे ती. बादलीत डबा, डब्यात पंखा, वर हँडल. डब्यात दूध घालायचं, डब्याभोवती बर्फ आणि जाडं मीठ भरायचं, आणि फिरवत राहायचं. तासाभरात दुधाचं बर्फासारखं घट्ट होतं, पण जिभेवर लोण्यासारखं विरघळतं.

भिकुबाई : लोणी मना शे माले.

दोधू : लोण्यासारखं म्हणालो, लोणी नाही म्हणालो.

भिकुबाई : आन हाऊ काया रंग? चॉकलेट ना तो?

दोधू : चॉकलेटच, पण वडी नव्हे. वडीत चरबी असते. ही कोकोची भुकटी. कारखान्यात हिच्यातली चरबी पिळून काढतात, मग ही कोरडी उरते. तुझ्यासाठी हीच बरी. अडचण एकच आहे. साय नाही, अंडं नाही, म्हणजे दूध पातळ. पातळ दूध गोठलं की त्यात खडे धरतात, दाताखाली कचकच लागते. त्याला बांधून ठेवायला काहीतरी पाहिजे.

भिकुबाई : मंग?

दोधू : मागवलंय. येईलच आता.

फुलीबाई : दोधूदादा! कुठून येऊ? पुढचं दार बंद आहे.

दोधू : आलीच बघ. इकडून, मागूनच ये फुलीबाई! अगं, ही तोरणमाळची फुलीबाई. बंगल्यावर पाणी भरायची. आता लेकासुनेबरोबर इथं नंदुरबारला जिनात कपाशी उचलायला आली आहे.

फुलीबाई : हीच का तुझी बाय? किती पिवळी झाली आहे.

भिकुबाई : व्हय बाई. लगीनमा लागनी व्हती हयद, आते दुसरांदा लागनी. बठ. तठे नको, तठे ऊन शे. आठे सावलीमा बठ.

फुलीबाई : बसते. भोंगा वाजला की जाणार पण. मुकादम ओरडतो. हे घे दोधूदादा, तुझी तवकीर. सुनेनं डोंगरावरून आणली होती पोरासाठी. त्यातली अर्धी तुला.

भिकुबाई : तवकीर? दखाडा माले. कसानी शे?

फुलीबाई : जंगलातला कंद. पाऊस गेला की खणते. ठेचते, पाण्यात कालवते, वरचं पाणी टाकते. परत पाणी, परत टाकते. सात वेळा. मग तळाला हे पांढरं बसतं. ते उन्हात वाळवते.

भिकुबाई : कोना हातनी शे?

दोधू : अगं, असं काय विचारतेस?

फुलीबाई : विचारू दे. माझ्या हातची आहे, बाय. पण सात पाण्यात धुतली ना, आता तिच्यात कोणाचा हात उरला नाही.

भिकुबाई : बोलानी चांगली शे तुमनी ही फुलीबाई.

दोधू : बंगल्यावर मेमलाही असंच ऐकवायची. मेमला भाषा कळायची नाही म्हणून निभावलं. बरं, आता बघा. थंड दुधात तवकीर कालवली, गाठ नको. गरम दुधात धार सोडायची आणि पळी थांबवायची नाही. बघ, बघ, कसं दाटायला लागलं! पळीला पाठीमागून लेप बसला की उतरवायचं. सायीचं काम हिनं केलं.

भिकुबाई : वास ते चांगला सुटना.

दोधू : मळमळतंय का वासानं?

भिकुबाई : नही.

दोधू : नाही? बारा दिवसांत पहिल्यांदा नाही म्हणालीस.

भिकुबाई : वास लेवाले कोनी मना करं? खावानी गोट येगळी.

दोधू : बरं. आता हे पाण्याच्या परातीत निवत ठेवतो. तोवर बर्फ फोडतो. सकाळच्या सुरतेच्या गाडीनं आलाय, लाकडाच्या भुशात, वर दोन गोणपाटं. फुलीबाई, ती मोगरी दे.

फुलीबाई : बर्फ बघितला की मान दुखते माझी.

भिकुबाई : कसाले व?

फुलीबाई : मीच वाहिला ना! हा खानसामा वर बंगल्यात बसून संचा फिरवायचा. बर्फ वर कसा यायचा? गाडी घाटाच्या तोंडापर्यंत. तिथून पुढे माझं डोकं. गोणपाटात बर्फ, डोक्यावर चुंबळ. वर चढताना पाणी मानेवर, मानेवरून पाठीवर, पाठीवरून लुगड्यात. उन्हाळ्यात पण मी थंडीनं कापायची. वर पोचली की गोण अर्धी.

दोधू : अर्धीच यायची. मी म्हणायचो, अर्धा बर्फ डोंगरानं खाल्ला.

भिकुबाई : आन तू चाखं का कधी, हाई आइस्क्रीम?

फुलीबाई : मी? भांड्यात उरलं तर मेमचा कुत्रा चाटायचा. पांढरा होता, केसाळ. तो पण उन्हाळ्यात कापायचा.

दोधू : वीस वर्षांत एकदाही तुला दिलं नाही का गं मी?

फुलीबाई : नाही दिलं. मी पण मागितलं नाही.

दोधू : निवलं हे. आता डब्यात ओततो. डबा अर्ध्याच्या थोडा वर भरायचा, कारण फिरवताना ते फुगतं. झाकण घट्ट. भोवती बर्फाचा थर, मिठाचा थर, बर्फाचा थर, मिठाचा थर. मिठाचं पाणी आत गेलं तर सगळं फुकट. हं. बसलं नीट. आता फिरवायला लागलो की थांबायचं नाही. साय असली की चुकलं-माकलं खपतं. हे हलकं आहे, हे थांबलं की खडा धरतं.

भिकुबाई : तुमना खांदा दुखस ना? व्हई का तुम्हले?

दोधू : होईल. फुलीबाई आहे की जोडीला.

फुलीबाई : हं, आवाज तोच. खर्र खर्र. खाली पाण्यावर पण ऐकू यायचा. आम्ही म्हणायचो, आज पाहुणे आले.

भिकुबाई : पाहुणा रोज येत का?

फुलीबाई : रोज नाही. पण आले की मला पळवायचे. एकदा तर बर्फाच्या गोणीला चिठ्ठी बांधून दिली खालच्या लोकांनी. तुमचं घर तेव्हा म्हसावदला, तिथून माणूस आला होता. म्हणाला, खानसामाच्या पोरीला ताप चढला आहे, चार दिवस उतरला नाही, बोलत नाही, पळत जा. माझा फुलसिंग तेव्हा पोटात होता, सातवा महिना. तरी मी पळाली. तो चढ मी कधी इतका लवकर चढली नाही. त्या दिवशी गोण अर्ध्याहून जास्त भरली होती. दोधूदादा पण म्हणाला, आज बर्फ पुष्कळ आणलास फुलीबाई!

भिकुबाई : कवयनी गोट शे ही?

फुलीबाई : फुलसिंग आता बावीसचा. तितकी वर्षं.

भिकुबाई : तू वर गयी आन चिठ्ठी कोना हातमा दिधी?

फुलीबाई : ह्याच्याच. दुसऱ्या कोणाला वाचता येत होतं? तिथं उभं राहून वाचली त्यानं. मग संचा भरला. त्या दिवशी मोठा साहेब आला होता, लाल तोंडाचा. संध्याकाळी पेटीतलं गाणं वाजवलं त्यांनी.

भिकुबाई : कोकिळाना बाप, तुम्ही माले सांगं व्हतं, चिठ्ठी जंगलना नाकावर पडी ऱ्हायनी. चार दिन पडी ऱ्हायनी. बावीस वरिस तुम्ही हाईच सांगी ऱ्हायनात.

(हँडल थांबतं. दोधूला बादलीतल्या बर्फाचा तडकण्याचा बारीक आवाज ऐकू येतो आणि वाटतं, भिकुबाई आता उठून आत जाईल, दार लावून घेईल. ती उठत नाही. बाजेच्या काठाला धरून ती त्याच्याकडे बघत राहते.)

फुलीबाई : मी काय चुकीचं बोलली का?

दोधू : नाही फुलीबाई. बरोबर बोललीस.

भिकुबाई : फिरावा. थांबनात कसाले? थांबं का खडा धरस ना?

दोधू : फिरवतो.

भिकुबाई : फिरावा आन सांगा.

दोधू : मंगळवारी दुपारी मिळाली चिठ्ठी. हिनं सांगितलं तशीच. वाचली. मनात म्हणालो, एवढा बर्फ आलाय, एवढं करतो आणि निघतो. तासाभराचं काम. मग केलं. पाहुण्यांना दिलं. मग साहेब म्हणाला, दोधू, पाहुणे शुक्रवारपर्यंत राहणार.

भिकुबाई : आन तुम्हले रजा नही दिधी.

दोधू : मी मागितलीच नाही. मागितली असती तर दिली असती. साहेब वाईट नव्हता. घोडं दिलं असतं त्यानं.

भिकुबाई : मंग कसाले नही मांगी?

दोधू : कसं सांगू? त्या संध्याकाळी तो मोठा साहेब जेवणावरून उठून स्वयंपाकघरात आला. तिथं कोणी साहेब येत नसत. हे कोणी केलं म्हणाला, आणि माझा हात हातात घेतला. राखेचा हात होता माझा. इथं घरी मी आलो की ओट्यावर बसायचो. आई आतून सांगायची, त्याला बाहेरच वाढ, बाटलाय तो, चुलीला शिवू देऊ नकोस. चार महिन्यांनी घरी यायचं आणि पाहुण्यासारखं ओट्यावर जेवायचं. आणि तिथं तो माणूस माझा हात धरून उभा... माले वाटनं, मी बी कोनी शे. इतलंच. तीन दिन माले तसं वाटत ऱ्हायनं. मंग भेव लागना, आन मी पयत उनू.

भिकुबाई : शनवारले उनात तुम्ही.

दोधू : शनवारले.

भिकुबाई : तवलगून मी तिले गाडीमा टाकीसन एकली शहादाले लई गयथी, दवाखानामा. नदीमा चाक रुतनं. कोकिळाले पाठवर बांधं आन पानीमा उतरनू. पोर वाचनी, पन तिना डावा कान गया. आजबी विसरवाडीले जवाई तिले हाक मारस ते उजवी बाजूले जाईसन मारस. चांगला मानूस शे तो. कधी चिडस नही.

दोधू : माहीत आहे मला. तिच्याकडे गेलो की मीही उजवीकडेच बसतो.

भिकुबाई : आन तुम्ही काय लई उनात त्या शनवारले? चांदीना कागदमा चॉकलेट. मी ते गव्हाणमा फेकी दिधं. बैलनी बी नही खादं.

फुलीबाई : मी पळाली नसती तर बरं होतं. बर्फ कमी राहिला असता.

भिकुबाई : नही व बाई. तू पोटुशी व्हतीस आन दुसरानी पोरसाठे पयनीस. तुले कोन बोल लावी? ...दखा, फिरावा बरोबर.

दोधू : फिरवतोय. आता तू काही खाणार नाहीस, हे कळलं मला. पण अर्धवट टाकवत नाही. फुलीबाई खाईल.

भिकुबाई : मी बोलनू का अजून काही? आते मन्हं बी आयकी ल्या. तुम्ही सांगं, मी बी सांगस. आज नही सांगं ते परत सांगावाव नही मी.

दोधू : तुझं काय?

भिकुबाई : तुमनी माय मरनी तवय तुम्ही वर व्हतात. दहावाले उनात.

दोधू : निरोप उशिरा आला.

भिकुबाई : निरोप मीच उशिरा धाडा. आठ दिन पडेल व्हती ती. काही खाये नही. तिसरा दिनले माले बोलनी, दोध्याले बलाव. बाट गयी ते गयी, त्याना हातनं काहीतरी करी आन सांग, मी खास. सगळा साहेब खातस मन्हा पोऱ्याना हातनं, मीच नही खादं, असं बोलनी. रोज बोले. डोया दारकडे.

दोधू : आई असं म्हणाली?

भिकुबाई : मी बोलनू, निरोप धाडेल शे, येई ऱ्हायनात. खोटं बोलनू. मन्हा मनमा कोकिळाना कान व्हता. मी सांगं मन्हा मनले, मन्ही पोर चार दिन वाट दखत ऱ्हायनी, आते हाई बी दखो. ती गयी, मंग मी मानूस धाडा. सतरा वरिस व्हई गयात. चूलले शिवू नका, हाई तिनी बंदी तिन्हीच उठाडी व्हती. त्यानंतर घातेल शे ती मन्ही शे.

दोधू : काय मागितलं होतं तिनं? सांजा? खीर?

भिकुबाई : नाव नही लिधं. कायबी चाली, पन दोध्याना हातनं. इतलंच.

दोधू : फुलीबाई, जरा धर हे. माझा खांदा...

फुलीबाई : दे. तू तोंड धुऊन घे. डोळ्यात घाम गेला आहे तुझ्या.

भिकुबाई : रांजणमा पानी शे. बाहेरना नको, तो ढोरना शे. दाराजवळना ल्या.

फुलीबाई : बाय, एक बोलू? आमच्याकडे माणूस मेला की त्याच्या नावानं दारू सांडतात जमिनीवर, म्हणतात, जे राहिलं ते पी. मग जिवंत माणसं बसून पितात. मेलेल्याचं मेल्यावर ठेवतात, जिवंताचं जिवंतावर.

भिकुबाई : जड व्हयनं का व ते हँडल?

फुलीबाई : झालं. आधी पाण्यासारखं फिरत होतं, आता चिखलात चाक फिरतं तसं. दोधूदादा! जड झालं!

दोधू : आलो. बघू. हं, बरोबर जड झालंय. आणखी वीस-पंचवीस फेरे. ...ऐक. मला एक सुचतंय. हे शेवटचे फेरे तू फिरव. नुसता हात लाव, मी डबा धरतो. म्हणजे तुझ्याच हातचं झालं. तुझा नेम मोडायला नको आणि पोटात दोन घास जातील.

भिकुबाई : अशी आडवाट माले नको. इतला दिन खादं नही ते सरळ नही खादं. आते खासू ते तुमनाच हातनं खासू.

दोधू : खाशील?

भिकुबाई : उघाडा ते झाकण. मीठनं पानी पुसी ल्या आगोदर, नहीते सगळं खारं करशात.

दोधू : पुसतोय. बंगल्यावर मला कोणी एवढं शिकवलं नाही.

भिकुबाई : त्यासले काय समजस?

दोधू : निघालं. खडा नाही! बघ फुलीबाई, कडेलाही खडा नाही. तुझ्या तवकिरीनं धरून ठेवलं. पंखा काढतो. आण ती वाटी.

भिकुबाई : पहिली वाटी तिले द्या.

दोधू : तुला आधी...

भिकुबाई : तिले. वीस वरिस बर्फ वाही ती आन चाटे कुत्रा. द्या तिले. वाटी भरीसन द्या.

फुलीबाई : मला कशाला एवढं? ...आई गं! दात पळाले!

दोधू : हळू. जिभेवर ठेव, चावू नको.

फुलीबाई : आधी काहीच नाही. नुसती थंडी. मग कडू... मग गोड. भाजलेल्या मोहासारखं लागतं. शेवटी घशात राहतं ना, तसं. मेमचं असंच असायचं?

दोधू : नाही. तिचं जड असायचं. साहेब लोक खाऊन दुपारभर झोपायचे. साय होती ना, ती जिभेवर बसून राही आणि कोकोची चव मागे पडे. मला वाटतं, हे त्याहून चांगलं झालंय. खरं सांगतो, एकतीस वर्षांत असं मला जमलं नव्हतं. कधी करून बघितलंच नव्हतं.

भिकुबाई : आपलं आपण गुणगान नका गाऊ. द्या आठे. इतलं नको. चमचाभर.

दोधू : हे एवढंच. थांब, मागे उशी लावतो.

(भिकुबाई चमचा तोंडात घालते आणि ओठ मिटून घेते.)

दोधू : काय? बादली देऊ? मळमळतंय?

भिकुबाई : थांबा. बोलू नका.

फुलीबाई : गप्प राहा दोधूदादा. तिचं पोट ऐकते ती.

भिकुबाई : ...बठनं. खाले जाईसन बठनं ते.

दोधू : उलटत नाही?

भिकुबाई : नही. तोंडना कडूपना बी... त्यानी कडूना संगे मन्हं कडू गयं वाटस. आखो एक चमचा द्या.

दोधू : डॉक्टर म्हणाला, थोडं थोडं...

भिकुबाई : डाक्टर आठे शे का? द्या.

फुलीबाई : हा भोंगा. मी जाते. वाटीत उरलेलं झाकून ठेव, बाय. सून येईल संध्याकाळी, तिला सांगीन चाखून जा.

दोधू : तोवर टिकणार नाही ते, फुलीबाई. बर्फ गेला की त्याचं दूधच होईल.

फुलीबाई : दूध तर दूध. पोराला पाजेल. येते बाय. लवकर गोरी हो.

भिकुबाई : ये व फुलीबाई. रविवारले सुट्टी ऱ्हास ना जिनले? ये तवय. फुलसिंगले बी लई ये. माले दखनं शे त्याले.

फुलीबाई : आणते.

दोधू : चांगली बाई आहे.

भिकुबाई : व्हय.

दोधू : आणखी देऊ?

भिकुबाई : आते बस. ...आयकतस का.

दोधू : बोल.

भिकुबाई : तुम्ही आठे दगड मांडी ऱ्हायंतात तवय मी आत जाई उनू. तुमनासाठे चूलवर मंद आंचवर दाय ठेयेल शे. आते माले उठाले नही व्हवाव.

दोधू : शोभाबाईला हाक मारतो, ती डाळ हलवेल.

भिकुबाई : शोभाबाईले कसाले? पाय धुवा आन जा आतमा. हालावा तिले, नहीते खाले लागी जाई.

दोधू : मी जाऊ?

भिकुबाई : मंग कोन?

दोधू : अगं, हलवायला डाव कुठं असतो?

भिकुबाई : चूलना डावा हातले, खुंटीवर. म्हसावदले बी तठेच व्हता.